पहाटे पाचला उठायचं ठरवतो, चौथ्या दिवशी मोडतं. काय चुकतंय?

तुम्ही दिलेली माहिती अशी: राहायला नाशिकच्या सिडकोत, नोकरी सातपूरला, साडेनऊला कामावर हजर. झोपायला रात्रीचा एक वाजतो आणि जाग आठला येते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी पाचला उठायचंय, पण तीन दिवसांच्या पुढे गाडी जात नाही.

आधी हिशोब मांडू. एकला झोपून पाचला उठलात तर पदरात चार तास पडतात. तुमची रोजची झोप सात तासांची आहे. म्हणजे रोज तीन तास बाकी राहतात आणि तीन दिवसांत नऊ तासांची थकबाकी साठते. चौथ्या पहाटे शरीर ती वसूल करतं, गजर वाजलेला ऐकूसुद्धा येत नाही. याला आळस म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

"मग दहाला झोपतो" असं तुम्ही म्हणाल, पण पहिल्याच दिवशी तेही जमणार नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर सगळ्यात जास्त जागं असतं. एकला झोपणाऱ्याचा तो काळ दहा ते बारा. त्या वेळी अंथरुणावर पडलात की कूस बदलत राहाल, मग हात मोबाइलकडे जाईल आणि परत एक वाजेल.

यातली आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. शरीराचं तापमान नेहमीच्या जाग येण्याच्या साधारण दोन-तीन तास आधी सगळ्यात खाली जातं. तुमच्या बाबतीत ही वेळ पाच ते सहाच्या दरम्यान येते. या खालच्या टोकानंतर डोळ्यांत प्रकाश गेला तर शरीराचं घड्याळ पुढच्या दिवसासाठी लवकरवर सरकतं, त्याआधी गेला तर उशिरावर सरकतं. आठला उठणारा माणूस एकदम पाचला उठून ट्यूबलाइट लावून, मोबाइल डोळ्यांसमोर धरून बसला, तर ज्या दिशेला जायचंय त्याच्या उलट ढकलला जातो. एकदम उडी मारू नका असं मी म्हणतो ते याचमुळे.

आता पाचच्या आकड्याबद्दल. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि नाशिक ७३.८ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. जूनच्या सुरुवातीला नाशिकमध्ये सूर्योदय ५:५५ च्या आसपास होतो आणि जानेवारीच्या मध्यावर ७:१० च्या. कोलकात्यात जूनमध्ये पाचच्या आधीच ऊन पडलेलं असतं, त्यामुळे तिथल्या माणसाचं पाच आणि आपलं पाच एक नव्हे. जानेवारीत इथे पाचला उठलात तर उजाडायला दोन तास बाकी असतात. परंपरेनेही घड्याळातला ठरलेला आकडा धरला नव्हता. मुहूर्त ४८ मिनिटांचा धरला तर ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांपासून ४८ मिनिटांपर्यंत येतो. नाशिकच्या जानेवारीत तो साधारण ५:३४ ते ६:२२ आणि जूनमध्ये ४:२० ते ५:०७. तुमच्या नोकरीच्या वेळेत बसेल आणि वर्षभर टिकेल अशी वेळ पावणेसहा आहे. तुम्ही तीच धरा असं माझं स्पष्ट मत आहे.

आठवरून पावणेसहा म्हणजे सव्वादोन तास. दर तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे या. नऊ टप्पे, सत्तावीस दिवस. पहिले तीन दिवस पावणेआठ, पुढचे तीन साडेसात, याप्रमाणे. झोपायची वेळही हळूहळू मागे येत राहील, पण ती ओढून आणू नका. उठायची वेळ पक्की धरा, रात्रीची झोप तिच्यामागे येते. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही, आणि वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं. एखाद्या टप्प्यावर दिवसभर पेंग येत असेल तर तिथेच आणखी तीन दिवस थांबा. शेवटच्या टप्प्याला झोप सव्वादहाला लागायला हवी, म्हणजे साडेसात तास भरतात.

घड्याळ खरं सरकवतो तो उजेड. उठल्यापासून तासाभरात, आणि तेव्हा अंधार असेल तर उजाडल्यावर लगेच, २० ते ३० मिनिटं उघड्यावर जा. खिडकीशी बसणं पुरत नाही. घरातल्या ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो, आणि उजाडल्यावर बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स सहज मिळतो. आपल्या आषाढ-श्रावणातल्या कोंदट, ढगाळ सकाळीसुद्धा गच्चीवर छत्री घेऊन उभं राहणं घरातल्या दिव्यापेक्षा कामाचं आहे. टप्प्याटप्प्याने यायचा फायदा इथेही दिसतो. सुरुवातीला तुम्ही पावणेआठ, साडेसातला उठाल तेव्हा ऊन आधीच वर आलेलं असेल.

रात्रीकडे वळू, कारण पहाट मोडते ती बहुतेक वेळा रात्री. जेवण आठ-सव्वाआठला आटपा. दहाला भाकरी-भाजी पोटभर खाऊन साडेदहाला आडवं झालात तर जळजळ तरी होईल नाहीतर झोप उथळ लागेल. चहाचा हिशोब कडक ठेवा. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायला सुमारे पाच-सहा तास लागतात. संध्याकाळी साडेपाचला कंपनीतून निघताना टपरीवर घेतलेल्या चहाचं अर्धं कॅफिन साडेदहा-साडेअकराला अंगात असतं. शेवटचा चहा तीनच्या आत. दिवसाला सहा-सात कप असतील तर एकदम तोडू नका, डोकं दुखेल. दोन दिवसांनी एकेक कप कमी करा. नऊनंतर मोठा दिवा बंद करून कोपऱ्यातला छोटा पिवळा दिवा लावा. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर नंतर अंग निवतं आणि झोप लवकर लागते. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री अकरापर्यंत तापलेला असतो. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलंत किंवा खालच्या मजल्यावरच्या खोलीत झोपलात तर बराच फरक पडतो.

मोबाइल झोपायच्या खोलीत नको. गजराचं साधं घड्याळ आणा आणि हात पोचणार नाही असं, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. गजर पुढे ढकलून घेतलेली नऊ-दहा मिनिटांची झोप तुटक असते, तिने थकवा जात नाही, उलट पुन्हा उठताना डोकं आणखी जड होतं.

थंडीत खरी लढाई गोधडीशी असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहून खाली. रात्री स्वेटर आणि मोजे खुर्चीवर टाकू नका, गोधडीच्या आत पायाशी ठेवा. सकाळी ते अंगाच्या उबेने गरम असतात, आतल्या आत चढवता येतात आणि मग पाय जमिनीवर टाकायला जड जात नाही. चपला पलंगाला लागूनच हव्यात, फरशी बर्फासारखी असते. थर्मासमध्ये रात्रीच गरम पाणी भरून ठेवा.

जाग आल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटं मेंदू धुक्यात असतो. या वेळात "आज काय वाचू" हा प्रश्न पडला की माणूस परत अंथरुणात जातो. म्हणून तो निर्णय रात्रीच संपवा. टेबलावर उद्याचं पुस्तक त्याच पानावर उघडं, वर पेपरवेट. वहीत तारीख घालून पहिलं उदाहरण उतरवून ठेवलेलं, त्याखाली बरोबरचं चिन्ह (=) काढून पुढची जागा मोकळी. पेनात शाई आहे का ते पाहिलेलं. ओट्यावर पातेल्यात मोजून पाणी, चहापावडर आणि साखर झाकणाखाली, शेजारी गाळणं. पहाटे फक्त गॅस पेटवायचा आणि त्या बरोबरच्या चिन्हापुढे लिहायला लागायचं. सुरुवातीला अवघड विषय घेऊ नका. कालची उजळणी किंवा सोपी दोन उदाहरणं घ्या, वीस मिनिटांनी डोकं लागलं की अवघडाकडे वळा.

पावणेसहाचा दिवस ऋतूप्रमाणे दोन तऱ्हांनी लावावा लागतो. जानेवारीत उठून आवरून सहा-दहाला अभ्यासाला बसा, सात-दहापर्यंत एक तास. तेवढ्यात उजाडतं. मग पंचवीस मिनिटं चालून या आणि सात-पस्तीस ते आठ-दहा परत बसा. एकूण पंचाण्णव मिनिटं अभ्यास झाला. जूनमध्ये उलट करा. सहाला बाहेर पडून गारव्यात अर्धा तास चाला आणि सहा-चाळीस ते आठ-दहा सलग नव्वद मिनिटं बसा. दोन्ही ऋतूंत आंघोळ, नाश्ता, डबा यांना नऊपर्यंत पन्नास मिनिटं मिळतात. महिन्याला पंचवीस दिवस धरले तरी अडतीस-चाळीस तास होतात. रात्री अकरानंतर दमलेल्या डोक्याने बसण्यापेक्षा हे तास किती भारी असतात ते चाचणी परीक्षेच्या गुणांत दिसेल.

चालायला गोल्फ क्लब मैदान किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक छान आहे, पण त्यासाठी सिडकोतून रोज गाडी काढू नका, जाण्या-येण्यात अभ्यास जातो. आठवडाभर घराजवळच चाला, पांडवलेणीच्या पायऱ्या रविवारसाठी ठेवा. थंडीतल्या धुक्यात, अंधारात चालत असाल तर पांढरे कपडे घाला आणि वाहनं समोरून येतील त्या बाजूने चाला. घरात कोणाला मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, हृदयविकार असेल, तर उपाशीपोटी किंवा कडक थंडीत चालण्याआधी त्यांनी डॉक्टरांना विचारावं. तुमच्या उत्साहात त्यांना ओढू नका.

घरच्यांशी मात्र आधीच बोलून घ्या. दहापर्यंत मालिका चालू आणि सकाळी सहाला मिक्सर, असं झालं तर दोघांची झोप जाते. आणि सकाळी डबा करणारी व्यक्ती जर पाचपासून ओट्याशी उभी असेल, तर तुमचा "शांत" वेळ तिच्या जिवावर चाललाय. भाजी चिरणं, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवणं रात्री तुम्ही करा, वीस मिनिटांचं काम आहे.

सगळ्यात जास्त घात रविवार करतो. शनिवारी दोनला झोपून रविवारी दहाला उठलात की सहा दिवसांची सरकासरक अर्धी पुसली जाते आणि सोमवारची पहाट जड जाते. सुट्टीच्या दिवशी पाऊण तासापेक्षा जास्त उशीर नको. गणपती, नवरात्र, लग्नसराई यांत जागरण होणारच, ते टाळू नका. दुसऱ्या दिवशी फार तर तासभर उशिरा उठा आणि दुपारी तीनच्या आत गजर लावून वीस मिनिटं झोपा. दोन तासांची दुपारची झोप काढलीत तर रात्र परत लांबते. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी डोळे मिटत असतील तर द्वारका-मुंबई नाक्याच्या वाहतुकीत दुचाकी घालू नका, रिक्षाने जा.

तुमची पाळी फिरती असेल, म्हणजे एक आठवडा दुपारपाळी आणि एक आठवडा रात्रपाळी, तर हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा. त्या आठवड्यात पहाट गाठायच्या मागे लागू नका. झोपेचे सात-साडेसात तास भरा आणि उठल्यानंतरचा पहिला दीड तास अभ्यासाला द्या, मग तो सकाळी अकराचा का असेना. आणि महिनाभर साडेसात तास झोपूनही दिवसा पेंग जात नसेल, घोरण्यात मधेच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, तर गजराची वेळ बदलत बसण्याआधी कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन झोपेची तपासणी करून घ्या.