परक्या गावात अडकलेली गाडी आणि घाईत केलेली सही

वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे : "आम्ही लातूरचे. मेहुण्यांच्या नावावर असलेली मोटार घेऊन गणपतीपुळ्याला आलो होतो. परतताना निवळी आणि हातखंबा यांच्या दरम्यान, मुसळधार पावसात, बाजूच्या रस्त्यावरून आलेली दुचाकी आमच्या गाडीवर आदळली. दुचाकीस्वाराचा पाय मोडला, माझ्या आईचे मनगट मोडले. जखमीला मीच दुसऱ्या गाडीतून रुग्णालयात पोहोचवले आणि पोलिसांना कळवले. गुन्हा दाखल झाला, मला नोटीस मिळाली, गाडी, परवाना आणि गाडीची कागदपत्रे जप्त झाली. आज पाच दिवस आम्ही रत्नागिरीत एका लॉजवर आहोत. तिसऱ्या दिवशी जखमीचे नातेवाईक आणि इतर चारपाच जण लॉजवर आले. पाचशे रुपयांच्या स्टँपपेपरवर 'चूक माझी, ऐंशी हजार देईन, ते तक्रार मागे घेतील' असे लिहून त्यांनी माझी सही घेतली. वीस हजार मी दिले आहेत. प्रकरण मिटेपर्यंत गाव सोडता येणार नाही आणि स्थानिक जामीनदार लागेल, असे लोक सांगतात. विमा एजंट म्हणतो, एफआयआरची प्रत नसेल तर दावा नाही. मी काय करावे?"

स. न. वि. वि.

आपल्या पत्रात पाच अडचणी आहेत. त्यांपैकी चार कागदोपत्री सुटणाऱ्या आहेत. पाचवी म्हणजे ती सही, आणि तिच्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष दिलेले दिसते. तरीही आरंभ गाव सोडण्याच्या प्रश्नापासून करतो, कारण आपण परक्या गावात पाच दिवस खोळंबून आहात आणि तो सही केलेला कागद याच अगतिकतेतून निर्माण झाला आहे.

आपल्यावर लागलेली कलमे, पत्रातील वर्णनावरून, भारतीय न्याय संहितेची कलम 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) आणि कलम 125 (इतरांच्या जीविताला धोका होईल अशा कृतीने दुखापत, तसेच गंभीर दुखापत) अशी असावीत. ही दोन्ही कलमे जामीनपात्र आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, तो कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसतो. आपल्याला अटक न करता नोटीस दिली आहे, ती बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35 खालील असेल. तिच्यातील अटी पाळून तपासाला हजर राहणाऱ्या माणसाला त्या गुन्ह्यासाठी सर्वसाधारणपणे अटक केली जात नाही, आणि करावयाचीच झाल्यास पोलिसांना तशी कारणे लेखी नोंदवावी लागतात. नोटिशीत रत्नागिरी सोडू नये असे लिहिले आहे काय, हे आपण स्वतः वाचून पाहावे. तसे लिहिलेले नसेल तर आपला कायमचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक आणि "बोलावल्यास हजर राहीन" अशी हमी देणारा अर्ज तपासी अंमलदारांकडे द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी आणि निघावे. पोहोच न घेता निघू नये. आपल्या मातोश्री आणि पत्नी तर केवळ साक्षीदार आहेत. त्यांचा जबाब त्यांच्या राहत्या ठिकाणीच घ्यावा लागतो, कारण महिलांना आणि साठ वर्षांवरील पुरुषांना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांना आजच आंबा घाटमार्गे कोल्हापूरला आणि तेथून लातूरला पाठवण्यास कोणतीही कायदेशीर आडकाठी नाही.

स्थानिक जामीनदाराबाबत आपल्याला जे सांगितले गेले, ते आमच्या जिल्ह्यातच नव्हे तर सगळीकडेच सांगितले जाते. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या 1978 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या समजुतीला स्पष्ट शब्दांत विरोध केला आहे. मोतीराम हे गवंडीकाम करणारे होते. त्यांच्या भावाने दिलेली हमी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असल्याने, दंडाधिकाऱ्यांनी नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ही भौगोलिक भेदभावाची पद्धत चुकीची ठरवली आणि मोतीराम यांना स्वतःच्या एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. आपल्याला पुढे कधी जामीनपत्र भरावे लागलेच, तर लातूरचा जामीनदार का चालत नाही, हे सांगण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर असेल. गल्लीत "जामीनदार मिळवून देतो" म्हणून पुढे येणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

आता गाडीविषयी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 136 नुसार अपघातग्रस्त वाहनाची तपासणी झाल्यावर औपचारिकता पूर्ण करून ते चोवीस तासांत परत द्यावे, अशी अपेक्षा आहे. परंतु गुन्ह्यात वाहन मुद्देमाल म्हणून जप्त झाले की प्रत्यक्षात ते न्यायालयाच्या आदेशाने परत घ्यावे लागते. मोटार वाहन निरीक्षकांची यांत्रिक तपासणी झाली आहे का, हे आधी विचारावे. ती झाली नसेल तर अर्ज वेळेआधीचा ठरतो. ती झाल्यावर रत्नागिरीच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 अन्वये मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करावा. न्यायालय तपासी अंमलदार आणि सरकारी वकील यांचे म्हणणे मागवते आणि बंधपत्र व सुपूर्दनामा (वाहन अटींवर ताब्यात घेतल्याचा लेख) घेऊन वाहन ताब्यात देते. गाडी विकणार नाही, तिचे स्वरूप बदलणार नाही, बोलावल्यास हजर करीन, अशा अटी त्यात असतात. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या 2002 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की जप्त वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात दीर्घकाळ ठेवण्यात अर्थ नाही. छायाचित्रे, पंचनामा आणि योग्य हमी घेऊन ती परत करावीत. अर्जात हा निकाल अवश्य नमूद करावा.

येथे आपल्या प्रकरणातील खरा गुंता येतो. गाडी मेहुण्यांच्या नावावर आहे, म्हणून अर्ज त्यांच्या नावाने व्हायला हवा. त्यांना लातूरहून येणे शक्य नसेल तर त्यांनी आपल्या नावे मर्यादित कुलमुखत्यारपत्र नोटरीकडून करून, स्वतःच्या ओळखपत्राच्या प्रतीसह पाठवावे. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे नाव कागदपत्रात नोंदलेले असते आणि न्यायालय त्याबद्दल विचारू शकते. आपण स्वतःच्या नावाने अर्ज केलात तर तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी, आणि पुन्हा अर्ज करण्यात आठवडा जातो. या आठवड्याची किंमत कोकणात वेगळी असते : आषाढातील पावसात, काच फुटलेली गाडी उघड्या आवारात उभी राहिली की आतील आसने, तारा आणि मीटर सगळे ओले होते. ठाण्याच्या आवारात वेलींनी वेढलेल्या गाड्या आपण पाहिल्याच असतील. त्या बहुधा कोणीतरी "केस संपल्यावर बघू" म्हणून सोडलेल्या असतात. म्हणून तपासी अंमलदारांच्या परवानगीने फुटलेल्या काचेवर ताडपत्री बांधून घ्यावी, आणि स्टेपनी, बॅटरी, टेप यांची नोंद जप्ती पंचनाम्यात आहे याची खात्री करावी. विमा पॉलिसीच्या अटींतही अपघातानंतर वाहन योग्य काळजी न घेता बेवारस सोडू नये, असे म्हटलेले असते.

विमा एजंटाचे म्हणणे अर्धसत्य आहे. आपण दावा कळवण्यासाठी प्रतीची वाट पाहत बसलात, तीच चूक आहे. विमा कंपनीला आजच लेखी कळवावे. गुन्ह्याचा क्रमांक पुरेसा असतो आणि प्रत मागाहून देता येते. एफआयआरची प्रत मागण्याचा आरोपीलाही अधिकार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर साधारणपणे चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते. तेथे ती शोधावी. विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी गाडीला गॅरेजमध्ये हात लावू देऊ नये. क्रेनवाल्याने जे मागितले असेल त्याची पावती घ्यावी, पण तो सर्व खर्च परत मिळेल अशी आशा धरू नये : खासगी मोटारीच्या प्रमाण पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेण्यासाठी दीड हजार रुपयांचीच मर्यादा असते, वाढीव संरक्षण घेतलेले असल्यास गोष्ट वेगळी. दावा मेहुण्यांच्या नावाने राहील, मात्र आपण चालक होतात आणि आपला परवाना वैध होता, एवढ्याने गाडीचे संरक्षण कमी होत नाही. पोलिसांनी परवाना ठेवून घेतला असल्यास त्याची पोचपावती आपल्याकडे असलीच पाहिजे. मात्र त्या पावतीवर वाहन चालवता येतेच असे नाही : मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 च्या पोटकलम 4 खाली, धोकादायक वाहन चालवल्याच्या कारणाने, परवाना घेतला असेल, तर तो परत मिळेपर्यंत वाहन चालवता येत नाही. याखेरीज अपघाताच्या माहितीचे नमुने (फॉर्म) भरण्याचे काम आहे. 2022 पासून लागू असलेल्या नियमांनुसार चालक आणि मालक यांनी आपापले नमुने तपासी अंमलदारांना अपघातापासून 30 दिवसांत द्यावयाचे असतात. मेहुण्यांना हे आजच सांगावे.

आता त्या सहीविषयी. प्रत्येक मोटार विमा पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने किंवा त्याच्या वतीने कोणीही चूक कबूल करू नये, भरपाईचे वचन देऊ नये किंवा पैसे देऊ नयेत. आपण एकाच कागदात या तिन्ही गोष्टी केल्या आहेत. हा कागद उद्या जखमी व्यक्तीच्या वकिलांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल केला, तर कंपनी त्याचा आधार घेऊन आपल्यापासून हात झटकण्याचा प्रयत्न करू शकेल. म्हणून विमा कंपनीला आजच पत्र द्यावे : अमुक तारखेला, अमुक लोकांनी, अशा परिस्थितीत सही घेतली, मी दबावाखाली होतो, वीस हजार रुपये दिले, त्या कागदाची प्रत माझ्याकडे नाही (किंवा आहे), आणि पुढील रक्कम मी देणार नाही. वीस हजार कसे दिले, ते बँकेतून किंवा मोबाइलवरून दिले असतील तर त्याची नोंद जपून ठेवावी. रोख दिले असतील तर आलेल्या लोकांचे दूरध्वनी, लॉजच्या नोंदवहीतील वेळ आणि कॅमेऱ्याचे चित्रण मिळते का, ते पाहावे.

त्या कागदातील "तक्रार मागे घेतील" या शब्दांना फारसे मोल नाही. गुन्हा नोंदला गेल्यावर फिर्यादीची इच्छा झाली म्हणून तो आपोआप संपत नाही. दुखापतीच्या कलमांत तडजोडीला वाव असला तरी कलम 281 तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. गुन्हा दडपण्यासाठी पैसे घेण्याचा करार हा करार कायद्याच्या कलम 23 खाली सार्वजनिक धोरणाविरुद्ध आणि म्हणून निरर्थक ठरतो. दबावाखाली घेतलेली संमती रद्द करता येते. त्यामुळे उर्वरित साठ हजारांसाठी कोणी धमकावले, तर तो कागद दाखवला म्हणून आपण कर्जदार ठरत नाही. धमकी आली तर तिचीच तक्रार द्यावी.

पण एक गोष्ट मी स्पष्ट सांगतो. ज्याचा पाय मोडला आहे तो माणूस कदाचित महिनाभर कामावर जाऊ शकणार नाही, आणि त्याच्या घरच्यांची घाई सगळीच लोभातून आलेली असते असे नाही. त्यांना सरळ मार्ग दाखवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 149 मध्ये विमा कंपनीने दाव्याच्या तडजोडीसाठी अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. गंभीर दुखापतीला कलम 164 खाली, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, अडीच लाखांची भरपाई आहे. 2025 च्या केंद्रीय योजनेखाली सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार निर्दिष्ट रुग्णालयांत विनारोख मिळतात, आणि हीच योजना आपल्या मातोश्रींच्या मनगटालाही लागू आहे. जखमीच्या घरच्यांना ही माहिती देण्याने आपल्या प्रकरणाची हानी होत नाही. मात्र ती साक्षीदारांसमोर आणि लिखित स्वरूपात द्यावी, लॉजच्या खोलीत नव्हे.

आपल्या जबाबाबाबत : पोलिसांनी लिहून घेतलेल्या आपल्या जबाबावर सही करणे आवश्यक नाही, उलट कायदा तशी सही न घेण्यास सांगतो. बाजूच्या रस्त्यावरून दुचाकी आली, पाऊस होता, आपला वेग किती होता, या गोष्टी वकिलांशी बोलून, शांतपणे मांडाव्यात. घटनास्थळ पंचनाम्यातील टायरच्या खुणा, रस्त्याची रुंदी आणि गाडीचा आदळलेला भाग या तीन गोष्टींवर चूक कोणाची याचा निर्णय ठरतो, आणि पावसाने त्यातील पहिली पुसली असणार. म्हणून आपण मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आहेत तशीच, वेळ-तारखेसह ठेवावीत, संपादित करू नयेत.

मातोश्रींचा दावा वेगळा आहे, आणि तो कदाचित आपल्यालाच लक्षात आलेला नसेल. दुचाकीस्वाराची चूक निघाली, तर त्याच्या विमा कंपनीकडून त्यांना भरपाई मागता येईल, आणि कलम 166 नुसार हा अर्ज लातूरच्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. त्यासाठी रत्नागिरीला हेलपाटे घालण्याची गरज नाही. मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे, ती काटेकोरपणे पाळावी. त्यांना येथे सल्ला हवा असल्यास, महिला या नात्याने, उत्पन्नाची अट न पाहता, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, दूरध्वनी 15100.

दोषारोपपत्र दाखल झाल्यानंतर समन्स लातूरच्या पत्त्यावर येईल. प्रत्येक तारखेला प्रवास करावा लागू नये म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 228 आणि 355 खाली व्यक्तिशः हजेरीतून सूट मागता येते आणि योग्य कारण असेल तर न्यायालय ती देते. जखमीची खरीखुरी संमती पुढे मिळाली आणि प्रकरण संपवायचे ठरले, तर उच्च न्यायालयात जावे लागेल. रत्नागिरी जिल्ह्याची प्रकरणे 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील फिरत्या पीठाकडे (सर्किट बेंच) गेली आहेत, त्यामुळे मुंबई गाठण्याचा खर्चही वाचेल.

त्या स्टँपपेपरची छायाप्रत मिळाल्यास, आणि नोटीस, जप्ती पंचनामा व पॉलिसीची प्रत मला पाठवावी. मुद्देमालाच्या अर्जाचा मसुदा मी मेहुण्यांच्या नावाने तयार करून ठेवतो. कुलमुखत्यारपत्र हाती येताच तो दाखल करता येईल.