वनस्पतींचे अर्क आणि तोंडातले जिवाणू : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : लवंगेच्या अर्काने दात किडवणारे जिवाणू प्रयोगशाळेत मेल्याचे वाचले. मग टूथपेस्ट सोडून लवंगेचे चूर्ण वापरले तर चालेल का? (सातारा)

उत्तर : प्रयोगातील निरीक्षणावर शंका घेण्याचे कारण नाही. लवंगेच्या तेलात मुख्यत्वे युजेनॉल असते. ते जिवाणूंच्या पेशीपटलाला इजा करते आणि दात किडण्याशी निकटचा संबंध असलेला ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ही त्यातून सुटत नाही. परंतु प्रयोगाच्या बशीत हा जिवाणू एकटा वाढवलेला असतो, तर दातावर तो इतर अनेक जातींच्या जिवाणूंसोबत, साखरेपासून स्वतःच बनवलेल्या चिकट थरात वस्ती करून असतो. या थराला जैवपटल म्हणतात. त्याच्या आत पोहोचण्यासाठी औषधाची मात्रा कितीतरी जास्त लागते आणि तोंडात गेलेली मात्रा तर लाळ थोड्याच वेळात धुऊन टाकते. शिवाय दाताजवळचा पीएच (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणातील, खनिजे विरघळू लागतात. ती पुन्हा बसण्यास फ्लोराइड मदत करते; लवंगेकडे तो गुण नाही. तेव्हा फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट सोडू नये.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. कडुलिंब, ज्येष्ठमध व हळद यांचे पाण्यातील आणि मिथेनॉल या द्रावकातील अर्क आगार प्लेटवरील (जिवाणू वाढवण्याच्या जेलीच्या बशीतील) खाचांत घालून म्यूटन्सवर तपासले. मिथेनॉलच्या अर्कांभोवतीची, जिवाणू न वाढलेली वलये मोठी आली, हळदीची सर्वांत लहान. यावरून काय ठरवावे? (नांदेड)

उत्तर : त्याच प्लेटवर नुसत्या मिथेनॉलची एक खाच ठेवली होती का? नसेल, तर अजून काहीच ठरवता येणार नाही, कारण मिथेनॉल स्वतःच जिवाणूंना घातक आहे. अर्कातील मिथेनॉल पूर्ण उडवून, उरलेला भाग डीएमएसओ या दुसऱ्या द्रावकात विरघळवावा आणि तेवढ्याच डीएमएसओची वेगळी खाच ठेवावी. तुलनेसाठी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशकही हवेच.

दुसरे असे की, वलयाचा आकार द्रव्याच्या मारकशक्तीवर जितका, तितकाच ते आगारमध्ये किती पसरते यावरही अवलंबून असतो. हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते खाचेपाशीच अडून राहते. लहान वलय म्हणजे हळद दुबळी, असा अर्थ त्यातून निघत नाही. यासाठी द्रव माध्यमात अर्काची मात्रा दर पायरीला निम्मी करत नेऊन वाढ रोखणारी किमान मात्रा, म्हणजेच एमआयसी, काढावी. नंतर त्या नळ्यांतील थेंब ताज्या प्लेटवर पसरून जिवाणू खरोखर मेले की केवळ थबकले होते, हे पाहावे. त्यापुढे सुक्रोज (साखर) घातलेल्या माध्यमात जैवपटल वाढवून त्यावर अर्क वापरला, तर तुमच्या कामाचे मोल बरेच वाढेल. अमुक अर्काने तमुक मिलिमीटरचे वलय दिले, एवढ्यावर थांबणारे प्रबंध आधीच ढिगाने आहेत. वनस्पतीची ओळख तज्ज्ञाकडून पक्की करून घ्यावी आणि ती कोठून, कोणत्या महिन्यात आणली, याचीही नोंद ठेवावी. ऋतू व जमीन बदलली की घटकांचे प्रमाण बदलते.

प्रश्न : आमचे आजोबा बाभळीच्या दातवणानेच दात घासत आणि त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. आम्हीही तेच करावे का? (जालना)

उत्तर : बाभळीच्या सालीतील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काही जिवाणूंना आळा बसतो, हे खरे आहे. तथापि दातवणाचा मोठा फायदा चावून कुंचल्यासारख्या झालेल्या तंतूंच्या घासण्यातून मिळतो, असे माझे मत आहे. पिलूच्या काडीचा, म्हणजे मिसवाकचा, वापर जेथे रूढ आहे तेथे करण्यास जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये अनुकूलता दाखवली होती. अडचण इतकीच की दाढांची आतली बाजू आणि दातांच्या फटी काडीने नीट साफ होत नाहीत आणि जोरात घासल्यास हिरड्या मागे सरकतात. आजोबांच्या दातांचे श्रेय काडीला देताना त्यांच्या आहारात साखर किती होती, तेही आठवून पाहावे. दातवण आवडत असेल तर सकाळी वापरावे. रात्री मात्र ब्रश आणि फ्लोराइडची पेस्टच हवी.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलीची दाढ दुखते. लवंगेचे तेल लावू का? (पणजी)

उत्तर : लावू नये. शुद्ध तेलाने हिरडी भाजते आणि लहान मुलाने ते थोडे जरी गिळले तरी यकृताला गंभीर इजा होऊ शकते. दंतवैद्य युजेनॉल वापरतात, पण झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून, तात्पुरत्या भरणीसाठी आणि मोजून. मुलीला या एक-दोन दिवसांतच त्यांना दाखवावे. गालाला सूज किंवा ताप असेल तर आजच.