एका माणसासाठी कोण वाल सोलणार?

"घर खायला उठतं." माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या डोंबिवलीच्या सुनंदाताईंनी (नाव बदललं आहे) हे सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या, संकोचल्या होत्या. वय 54. मुलीचं लग्न झालेलं, यजमानांची बदली नागपूरला. दिवसभर टीव्ही चालू, रात्री उशाशी रेडिओ. "एवढी मोठी बाई मी, आणि एकटीला राहता येत नाही. माझ्यातच काही बिघडलंय का?"

झोप, भूक, उदासी यांची चौकशी आधी केली. दोन आठवड्यांहून जास्त मन खचलेलं असतं, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. (तुमचं तसं होत असेल तर थांबू नका, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.) त्यांचं तसं नव्हतं.

बालपण गिरगावातल्या चाळीत, दार फक्त रात्री लागायचं. मग सासरी नऊ माणसं. आयुष्यात एकटीने जेवायची वेळच आली नव्हती. जे कधी केलंच नाही ते जमत नाही, यात बिघाड कसला?

पुढे मात्र मी चुकले. मोबाइल आत ठेवून रोज दहा मिनिटं गॅलरीत नुसतं बसा, असं सांगितलं. आठवड्याने त्या अधिकच हैराण होऊन आल्या. "मिनिटं मोजत होते हो."

व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला माहीत होता. माणसांना 15 मिनिटं एकटं बसवलं. करायला काही नाही, फक्त विजेचा सौम्य धक्का देणारं एक बटण. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी स्वतःला धक्का देऊन घेतला! हे ठाऊक असूनही मी त्यांना रिकाम्या हातांनी बसवलं. त्यांना तसं सांगितलं, माफी मागितली. त्यांचा चेहरा सैल झाला.

मग विचारलं, "तुम्हाला स्वतःला काय खावंसं वाटतं?"

"डाळिंब्यांची उसळ. पण एका माणसासाठी कोण वाल सोलणार?"

मला वाटतं, त्यांचं दुखणं त्या प्रश्नात होतं. दुसऱ्या कुणासाठी असेल तरच कष्ट घ्यायचे, ही सवय अंगात इतकी मुरलेली की स्वतःच्या वाट्याला पोळीचा तुकडा आणि लोणचं. एकटेपणापेक्षा हे मला जास्त लागलं.

ठरलं ते एवढंच: वाटीभर वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात घालून सोलायचे. टीव्ही चालू राहिला तरी चालेल. आणि जेवताना ताट नीट वाढून घ्यायचं, ओट्याशी उभ्याने खायचं नाही.

पहिल्या खेपेला वाल नासले. त्यांचा फोन आला, आवाज पडलेला. दुसऱ्या खेपेला जमलं. सोलता सोलता आई आठवली, चाळीतली गॅलरी आठवली, थोडं रडूही आलं म्हणाल्या. मी ते थांबवायला सांगितलं नाही.

पाचव्या भेटीत त्या खुर्चीत बसायच्या आधीच सांगू लागल्या, "आमसूल, गूळ, वरून ओलं खोबरं, सगळं साग्रसंगीत केलं. सावकाश जेवले. टीव्ही लावलाच नव्हता, हे ताट घासताना लक्षात आलं."