‘सरासरी दर’ आणि ‘सर्वसाधारण दर’

तासगावच्या एका वाचकाने असे विचारले आहे की, बाजार समितीच्या हळदीच्या भावपत्रकात ‘सर्वसाधारण दर’ असा रकाना असतो, त्याच आकड्याला बातमीत ‘सरासरी दर’ म्हटलेले आढळते आणि मुलीच्या दहावीच्या गणितात ‘मध्य’ हा शब्द येतो, तर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे मानावेत का?

‘सरासरी’ आणि पाठ्यपुस्तकातील ‘मध्य’ हे एकच होत. ‘सर्वसाधारण दर’ मात्र निराळा आहे.

‘सरासरी’ हा शब्द फारसीतून आला. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि आपला ‘सर्रास’ही त्याच कुळातला. सगळे आकडे हिशेबात धरायचे, एकही गाळायचा नाही, हा भाव त्यात मुळापासून आहे. म्हणून सर्व संख्यांची बेरीज करून त्या जितक्या असतील तितक्यांनी भागले की सरासरी मिळते. बोलण्यात ‘सरासरी पन्नासेक माणसे होती’ असे म्हणताना आपण तो अदमासे या अर्थीही वापरतो. ते बोलण्यात शोभते, भावपत्रकात नाही.

सांगलीच्या सौद्यात हळदीचे पाच लॉट क्विंटलला 12,000, 12,000, 13,000, 14,000 आणि 24,000 रुपयांनी गेले अशी कल्पना करू. बेरीज 75,000, म्हणून सरासरी 15,000. चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा 13,000. त्याला ‘मध्यक’ म्हणतात. सर्वाधिक वेळा आलेला आकडा 12,000, तो ‘बहुलक’. बोलीभाषेत ‘मध्य’ म्हणजे मधला भाग, आणि मधल्या आकड्याला मात्र ‘मध्यक’ म्हणावे लागते, ही परिभाषेतील अडचण मला खरोखरच खटकते. विद्यार्थ्यांचा गोंधळ येथेच सुरू होतो.

आता पाहा, पाचांपैकी चार लॉटना 15,000 हा भाव मिळालेलाच नाही. एका उंची मालाने सरासरी वर ओढली. मध्यक आणि बहुलक जागेवरच राहिले. किमान आणि कमाल दरांची बेरीज करून निम्मे केले तर 18,000 येतात, आणि त्यालाही कोणी सरासरी म्हणत असेल तर ते चूकच आहे, कारण मधले तीन आकडे त्यात आलेच नाहीत.

शिवाय लॉट सारखे नसतात. वरील मालाचे वजन अनुक्रमे 30, 30, 20, 15 आणि 5 क्विंटल असेल, तर प्रत्येक दराला त्याच्या वजनाने गुणून येणारी 13,10,000 रुपयांची बेरीज 100 क्विंटलांनी भागावी लागते. ही ‘भारित सरासरी’ 13,100 रुपये भरते, आणि बाजारात एकूण किती पैसा फिरला याचा खरा हिशेब तीच देते.

‘सर्वसाधारण दर’ या रकान्याला इंग्रजी भावपत्रकात ‘मोडल’ दर म्हणतात, म्हणजे ज्या भावाने बहुतेक माल विकला गेला तो भाव. तो बहुलकाच्या जातीचा आहे. आपल्या उदाहरणात 60 क्विंटल माल ज्या भावाने गेला तो 12,000. हळद घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाला काय मिळेल याचा अंदाज याच आकड्यावरून बांधता येतो, म्हणून बातमीतही ‘सर्वसाधारण’ हाच शब्द ठेवावा आणि ‘सरासरी’ हा शब्द बेरीज करून भागलेल्या आकड्यासाठी राखावा.