सेफर्ट, क्वेसार आणि ब्लेझार या तेजस्वी केंद्र असलेल्या दीर्घिकांची कृष्णविवरं वेगवेगळ्या जातीची असतात का?

नाही, यंत्रणा एकच: आत पडणारा वायू चकतीत फिरत तापतो आणि उजळतो. फरक पडतो वस्तुमान, वायूचा पुरवठा आणि आपला पाहण्याचा कोन यांमुळे. सेफर्ट १ या उपप्रकारात सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाच्या वायूच्या रुंद वर्णरेषा (वर्णपटातल्या ठरावीक रंगांच्या रेषा) दिसतात. सेफर्ट २ मध्ये धुळीचं कडं त्या झाकतं. एनजीसी १०६८ या सेफर्ट २ दीर्घिकेच्या ध्रुवित प्रकाशात (विखुरल्यामुळे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) १९८५ साली या लपलेल्या रेषा सापडल्या, फरक पाहण्याच्या कोनामुळे पडतो याचा हा फार भक्कम पुरावा. ब्लेझारच्या केंद्रातून निघणारा वेगवान कणांचा झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला, म्हणून तेज काही तासांतही बदलतं. क्वेसार सेफर्टपेक्षा कितीतरी तेजस्वी. पण निव्वळ तेजावरून वस्तुमान ठरवू नका: एम८७ या दीर्घिकेचं कृष्णविवर सुमारे ६.५ अब्ज सूर्यांएवढं, तरी वायू अत्यल्प पडत असल्याने केंद्र मंदच आहे.