एखाद्या इंग्रजी वाक्याचा पार्स ट्री (व्याकरणिक रचनेचे झाड) एकच निघतो, मग लॉजिकल फॉर्म (तर्कसूत्रात मांडलेले अर्थ) दोन कसे?

कारण पार्स ट्री फक्त शब्दांची जोडणी दाखवतो. कोणत्या क्वांटिफायरचा (‘एव्हरी’, ‘अ’, ‘मोस्ट’ अशा संख्यावाचक शब्दाचा) स्कोप, म्हणजे अंमल, मोठा, हे त्यात ठरत नाही. ‘एव्हरी स्टुडंट रेड अ बुक’ या वाक्याचे झाड एक, पण अर्थ दोन (∀ म्हणजे ‘प्रत्येक’, ∃ म्हणजे ‘किमान एक आहे’, → म्हणजे ‘जर-तर’, ∧ म्हणजे ‘आणि’):

- ∀क्ष (विद्यार्थी(क्ष) → ∃य (पुस्तक(य) ∧ वाचले(क्ष, य)))
- ∃य (पुस्तक(य) ∧ ∀क्ष (विद्यार्थी(क्ष) → वाचले(क्ष, य)))

पहिल्यात प्रत्येकाचे पुस्तक वेगळे असू शकते, दुसऱ्यात सगळ्यांनी तेच एक वाचलेले आहे. वाक्याचे सूत्र बनवणारे नियम स्वतः लिहिताना इथे एक चूक हमखास होते: ‘अ’साठीही → वापरला जातो. मग कोणी काहीही वाचलेले नसले, तरी जगात एखादी खुर्ची आहे आणि ती पुस्तक नाही, एवढ्यावर सूत्र खरे ठरते! ‘एव्हरी’ला →, ‘अ’ला ∧, हे पक्के धरा.

सगळे अर्थ आधीच काढून ठेवू नका. ५ क्वांटिफायर असले की १२० क्रम होतात. त्यापेक्षा कूपर स्टोरेज या पद्धतीप्रमाणे क्वांटिफायर बाजूला साठवा आणि नंतर बसवा, किंवा मिनिमल रिकर्शन सिमँटिक्स या अर्थमांडणीप्रमाणे स्कोप न ठरवता मोकळा सोडा. मला दुसरा मार्ग जास्त सोयीचा वाटतो. मात्र प्रत्येक क्रम चालतोच असे नाही. ‘एव्हरी रिप्रेझेंटेटिव्ह ऑफ अ कंपनी सॉ मोस्ट सँपल्स’ यात तीन क्वांटिफायरच्या ६ क्रमांपैकी ५ च अर्थ वैध आहेत, हे हॉब्ज आणि शिबर या संशोधकांनी १९८७ साली दाखवले. ‘एव्हरी’, मग ‘मोस्ट’ आणि शेवटी ‘अ’ असा क्रम लावला, तर प्रतिनिधीच्या अटीतले कंपनीचे चल मोकळेच, म्हणजे कोणत्याही क्वांटिफायरने न बांधलेले, राहते.