गॅलेक्सी एक्सप्लोरर: जुना 928 विकू नका

मामांनी जर्मनीहून आणलेला 928, म्हणजे लेगोचा गॅलेक्सी एक्सप्लोरर हा अंतराळयानाचा जुना सेट, तुमच्याकडे आहे, त्यातले वीस-पंचवीस तुकडे आणि एक अंतराळवीर हरवलाय. तो विकून त्याच यानाची 2022 ची नवी आवृत्ती, 10497, घ्यावी का, आणि नवीन म्हणजे जुनाच फुगवलेला आहे का, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही यानं माझ्याकडे एकाच फळीवर शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही मी एकाहून जास्त वेळा सुटी करून पुन्हा जोडली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक खुलासा, कारण शोधताना गोंधळ होतो. 1979 चा हा सेट युरोपात 928 आणि अमेरिकेत 497 या क्रमांकाने विकला गेला. सेट एकच. अमेरिकेतल्या खोक्यातही यानाच्या अंगावर LL928 असंच छापलेलं असे, त्यामुळे जुने तुकडे घेताना दोन्ही क्रमांक शोधा. तो बनवणारे येन्स न्यूगार्ड क्नुडसेन यांनीच 1978 मध्ये आज आपण ओळखतो तो हातपाय हलवणारा मिनिफिगर, म्हणजे लेगोचा छोटा माणूस, घडवला होता. 2020 साली ते गेले. 10497 आला 2022 च्या ऑगस्टमध्ये, लेगोला 90 वर्षं झाली त्या निमित्ताने, आणि त्याचे डिझायनर माइक साकी.

आता फुगवण्याबद्दल. जुन्यात 338 तुकडे, नव्यात 1254, म्हणजे जवळपास पावणेचारपट. आकडा ऐकून वाटतं की आत प्रचंड काही भरलं असणार. पण यान लांबी, रुंदी, उंची तिन्ही बाजूंनी साधारण दीडपट केलंय. दीड गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे 3.375, आणि 338 ला त्याने गुणलं की 1140 च्या आसपास येतं. तुकडे लहानमोठे असतात, तेव्हा हा हिशोब ढोबळच, पण वाढलेल्या तुकड्यांपैकी बहुतेक नुसत्या आकारमानात गेले हे त्यातून कळतं. तेव्हा तुमची शंका अर्धी खरी आहे. निळा-राखाडी रंग, पिवळी पारदर्शक काच, त्रिकोणी पंख, मागे उघडणारी दारं आणि त्यातून बाहेर येणारी छोटी गाडी हे सगळं जिथल्या तिथे आहे.

उरलेली अर्धी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. यान दीडपट झालं, पण अंतराळवीर तेवढाच राहिला. जुन्या यानात तो एखाद्या छोट्या मोटारीत बसल्यासारखा बसतो, समोर स्टिअरिंगसुद्धा मोटारीचंच. नव्यात तोच माणूस मोठ्या जहाजातला खलाशी वाटतो, त्याच्याभोवती वावरायला जागा आहे. आणि दुसरीकडे आपले हात वाढलेत. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात 928 जेवढा भरत होता, तेवढाच 52 सेंटिमीटरचा हा नवा आज आपल्या हातात भरतो. मी तो पहिल्यांदा पोटाखालून धरून उचलला तेव्हा मनगटाला जे वजन जाणवलं ते ओळखीचं होतं. फोटोंमध्ये हे कळणारच नाही. नुसते फोटो बघून ‘तेच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा तो हातात घ्यावा.

नव्यात खऱ्या सुधारणाही आहेत. उतरण्याचे पाय आता आत घेता येतात, जुन्यात ती सोय नाही. एकही स्टिकर नाही, सगळं छापील. अंतराळवीर चारच, दोन लाल आणि दोन पांढरे, सोबत एक रोबो. हेल्मेटची हनुवटीखालची पट्टी जाड केलीय. जुन्या हेल्मेटची ती पट्टी इतकी बारीक होती की त्या काळातली तुटकी हेल्मेटं जगभर सापडतात. 2014 च्या ‘द लेगो मूव्ही’ या चित्रपटातल्या निळ्या अंतराळवीराच्या हेल्मेटला मुद्दाम भेग दाखवली, ती त्याच आठवणीने. त्याचं यान, 940 तुकड्यांचं 70816, पुष्कळ जण 928 चा वारसदार म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. रंग तेच असले तरी ते टोकदार, आक्रमक, बंदुकांनी भरलेलं यान आहे. 928 शोध घ्यायला निघालेलं आहे, हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणखी एक आनंदाची गोष्ट म्हणजे 10497 च्याच तुकड्यांतून त्या काळातल्या 924 आणि 918 या दोन यानांच्या मोठ्या आवृत्त्या बनतात, आणि त्यांच्या पायऱ्या कंपनीने दिल्या आहेत. पूर्वी खोक्यावर नुसती चित्रं असायची आणि ती बघून आपलं आपण शोधायचं. 918 नक्की करून बघा.

पण नव्यात तळ नाही, आणि ही उणीव मला रोज जाणवते. 928 हे नुसतं यान नव्हतं. त्यासोबत चंद्रावरचा तळ होता, खड्ड्यांची उठावदार बेसप्लेट, म्हणजे खाली अंथरायची पातळ पाटी, होती, उतरण्यासाठी दुसरी बेसप्लेट होती. यानाला उतरायला जागा होती, म्हणून खेळाला गोष्ट होती. 10497 कितीही देखणा असला तरी तो फळीवरून उडतो आणि फळीवरच उतरतो. 100 डॉलरला आलेल्या सेटमध्ये एक बेसप्लेट बसली असती असं माझं प्रामाणिक मत आहे.

म्हणून म्हणतो, 928 विकू नका. अपुरा सेट विकताना भाव पडतो, आणि हरवलेले बहुतेक तुकडे साधे आहेत, सुट्या तुकड्यांच्या विक्रेत्यांकडे मिळतात. फक्त राखाडी तुकडे घेताना ‘जुना राखाडी’च मागा. 2004 च्या सुमारास लेगोने राखाडी बदलून निळसर झाक असलेला केला. 10497 मध्ये हा नवा राखाडी आहे. त्यातला एक तुकडा 928 च्या पंखात बसवलात तर तो बसेल अगदी घट्ट, पण दिव्याखाली लगेच वेगळा दिसेल. अंतराळवीर घेताना छातीवरचं सोनेरी चिन्ह नीट बघा, ते घासून जातं, आणि विक्रेत्याकडे हेल्मेटचा जवळून काढलेला फोटो मागा. पिवळ्या काचेला भेग आहे का तेही विचारा.

तुमच्याकडचे तुकडे जोडण्याआधी धुवून घ्या, पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. उन्हात वाळवू नका, सावलीतच पसरा. खड्ड्यांची बेसप्लेट पातळ असते, तिच्यावर काही जड ठेवू नका. ती शाबूत असेल तर पुढेमागे 10497 घेतलात तरी उतरायला जागा तुमच्या घरात आहेच. माझा नवा सध्या जुन्याच खड्ड्यांच्या काठावर उभा आहे, एक पाय प्लेटच्या बाहेर येतो, पण छान दिसतो.

हरवलेल्या तुकड्यांची यादी इथे टाका. दुहेरी पडलेले काही निळे स्लोप, म्हणजे उतरते तुकडे, माझ्याकडे आहेत.